वाघूरकाठची ग्रीक शिवी

आमच्या गल्लीत कुणाकडे काय शिजतंय हे मला भिंतीपलीकडून कळतं. फोडणीच्या वासावरून पाहुणे किती आणि ते नवऱ्याकडचे की बायकोकडचे, एवढं तर मी बसल्या जागी सांगते. पण हस्तीमलशेठच्या कुसुमच्या डोक्यात काय शिजत होतं, त्याचा वास मला कित्येक वर्षं लागला नाही. हा माझ्यासारख्या बाईचा केवढा अपमान!

हस्तीमलशेठ म्हणजे जळगावच्या बाजारपेठेतले कापडवाले. त्यांची नि आमची गच्ची एकमेकींना लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर माझ्या कोपरांचे खळगे पडलेत असं आमचे हे म्हणतात. शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं, धर्मानं जैन. सूर्य मावळला की त्यांची चूल बंद, आणि आमच्या घरी तेव्हा वांग्याचं भरीत घोटायला सुरुवात. तरी शेजार असा घट्ट की त्यांच्या घरचं पापड-लोणचं माझ्या सल्ल्याशिवाय बरणीत जात नसे. सल्ला त्यांनी मागितलेला नसे, ही गोष्ट वेगळी.

कुसुमलता त्यांची थोरली. इथल्याच एका कॉलेजात इतिहास शिकवायची. उंच, सावळी, जाड चष्मा, आणि आवाज कसा? तर रेशमी कापडाची घडी मोडताना होतो ना, तेवढा. तिच्या तासाला पहिल्या बाकावरची पोरं माना पुढे काढून बसत आणि मागच्या बाकांवरची निवांत झोपत. पोरांनी तिचं नाव ‘कुजबुजबाई’ ठेवलं होतं. त्यात भर म्हणजे लहानपणीच तिनं एका साध्वीजींसमोर व्रत घेतलेलं, जन्मभर कुणाला कठोर शब्द बोलणार नाही. मी तिला म्हणायची, “अगं, व्रत मोडायला आधी शब्द ऐकू तर जायला पाहिजे!”

ती हसायची. हसणंही बिनआवाजाचं.

आणि ही बाई अभ्यास कशाचा करत होती? तर भाषणांचा! तेही कुणाच्या, तर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लोकांच्या. ते लोक चौकात, कोर्टात, देवाच्या जत्रेत उभे राहून कसे बोलत, आपल्या देवादिकांच्या कथा उघड्यावर कशा करून दाखवत, यावर तिचा प्रबंध चालला होता. अठ्ठावन्न साली विषय नोंदवला, तेव्हा माझा धाकटा रांगत होता. तो शाळेत जाऊन मार खाऊ लागला तरी प्रबंध चालूच.

ग्रीक ती शिकली धुळ्याला. तिथं मासीच्या घरी राहून ती कॉलेज करत होती, तेव्हा घरामागे मिशनचं आवार होतं. त्यात एक म्हातारी गोरी बाई राहायची. तिला ग्रीक येत होतं आणि दमा होता. कुसुम रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायची. बाईंना मोठ्यानं बोललं की धाप लागे, म्हणून त्या सगळं कुजबुजत शिकवत. आमची ही आज्ञाधारक मुलगी! तिला वाटलं, ग्रीक बोलायची रीतच अशी असावी. ती म्हातारी वारली तेव्हा हिच्या हाती दोन जाडजूड कोश आले आणि घशात ती कुजबुज कायमची राहिली.

हस्तीमलशेठना हा सगळा व्यवहार कळायचा नाही. एकदा दुकानातून जेवायला आले असताना मी भिंतीशीच होते, म्हणून तुम्हांला शब्दन् शब्द सांगते.

“बेटा, ही भाषा आज कोण बोलतं?”

“अशी कुणीच नाही, बापूजी.”

“म्हणजे माल जुना. गाव?”

“समुद्रापलीकडे.”

“गाव लांब. आणि गिऱ्हाईक?”

कुसुमनं पापडाची ताटली पुढे सरकवली.

“शून्य,” शेठजी म्हणाले आणि पापड मोडला. पण तिचा टेबललँप बिघडला की दुरुस्त करून आणायला स्वतः जायचे, नोकराला पाठवायचे नाहीत. हेही मी भिंतीवरूनच पाहिलंय.

मला मात्र तिच्या त्या ग्रीकांची चटक लागली. उन्हाळ्यात गच्चीवर वड्या घालता घालता ती सांगायची आणि माझा हात पिठात तसाच राहायचा. त्यांच्या कोर्टात म्हणे वकील उभा राहत नसे. ज्याच्यावर आरोप, त्यानंच उठायचं आणि बोलायचं. वर्षभर मुकी बसलेली माणसंसुद्धा त्या दिवशी बोलत, कारण दुसरं कुणी बोलणारच नसे. समोर न्याय करायला शेकड्यांनी माणसं, चांभार, शेतकरी, नावाडी. बाजूला एक भोकाचं मडकं. त्यातलं पाणी गळून संपलं की बोलणं बंद. आपल्याकडे लग्नात घटिका बुडायची, तसंच. मी म्हटलं, “आमच्या ह्यांच्या आत्याला असं मडकं दिलं असतं तर किती सुख झालं असतं!” पण खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला होता. नाटकं बघायला डोंगर कोरून बसायच्या पायऱ्या केलेल्या, वर पार शेवटच्या ओळीत बसलेल्या म्हातारीला खालच्या माणसाचा उसासा ऐकू जातोय, ना भोंगा ना वीज. आणि हे सगळं मला सांगत होती कोण? जिचा आवाज भिंतीपलीकडून ऐकायला मला कान टवकारावे लागत!

अडुसष्टच्या दिवाळीआधी प्रबंध विद्यापीठातून परत आला. टंकलेखकानं ग्रीक शब्दांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागा तिनं स्वतः काळ्या शाईनं भरल्या होत्या, इतक्या सुबक की मला त्या रांगोळीसारख्या वाटायच्या. ते बाड ती तसंच गच्चीवर घेऊन आली. मुंबईच्या कुणा वयस्क प्राध्यापकांनी तपासलं होतं. त्यांचा शेरा तिनं मला मराठीत करून सांगितला. प्रबंधात सगळं आहे, आवाज तेवढा नाही. ही भाषणं उघड्यावर, हजारो माणसांपुढे झाली. उमेदवारानं ती मनातल्या मनात तरी कधी ऐकली आहेत असं वाटत नाही.

“मग आता?”

“आणखी एकदाच देता येतो, अक्का. तोही परत आला की संपलं.” चष्मा पुसत म्हणाली, “आणि त्यांचं बरोबर आहे. मी ऐकलेलं नाही. ऐकणार तरी कुठून? बोलणारे सगळे मेले.”

त्या दिवशी मी थट्टा केली नाही. भरीतसुद्धा अळणी झालं माझं.

मग तिनं गच्चीवर सराव सुरू केला. कॉलेजला जायच्या आधी एका कोपऱ्यात उभी राहून ग्रीक बोलायची. मी टाकीमागून ऐकायची. चार दिवस वाट पाहिली आणि शेवटी सांगितलं, “मास्तरीणबाई, तुमच्या पायाशी कबुतरं दाणे टिपतायत. एकही उडालं नाही. अथेन्सचे नावाडी काय उठून बसणार?”

“मला येत नाही, अक्का,” ती म्हणाली. “मोठ्यानं बोलायला गेलं की वाटतं, आपण कुणाला तरी दुखवतोय.”

उन्हाळा लागला. वड्यांचे दिवस आले. एका सकाळी ती मला त्यांच्या धान्याच्या देवीची गोष्ट सांगत होती. देवीची मुलगी फुलं वेचताना पाताळाच्या राजानं पळवून नेली. आई रानोमाळ शोधत फिरली, रुसली, शेतात दाणा उगवेना. शेवटी तह झाला, की लेक वर्षातले काही महिने आईकडे येईल आणि मग परत नवऱ्याघरी जाईल. “त्या देवीच्या यात्रेच्या वाटेवर एक पूल होता,” कुसुम सांगत होती, “यात्रा पुलावर आली की लोक तोंड झाकून यात्रेकरूंना शिव्या द्यायचे. मोठमोठ्या माणसांनासुद्धा. आणि ती पूजा समजली जायची. यावर माझं एक अख्खं प्रकरण आहे. पण पूजेत शिव्या कशा, ते मलाच नीट...”

मी इतकी हसले की वडीचं पीठ नाकाला लागलं.

“अक्का?”

“अगं बाई, हे तर आमच्याकडे आखाजीला चालतं!”

माझं माहेर पहूरजवळ, वाघूर नदीच्या काठचं एक खेडं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या सगळ्या लेकी माहेरी येतात. टोपलीत गहू पेरून गौराई बसवतात. गौराई म्हणजे पार्वती, तीही माहेरी आलेली. निंबाला झोके, आंब्याचा रस, सांजोऱ्या, गाणी. आणि दुसऱ्या दिवशी गौराईची सासरी पाठवणी, म्हणजे नदीत बोळवण. त्या वेळी आमच्या गावच्या बाया नदीच्या ह्या काठाला, पलीकडच्या गावच्या त्या काठाला, आणि मध्ये वाळू नि घोटाभर पाणी. मग जी सुरू होते शिव्यांची झड! बापे मंडळींना तिथं थारा नाही. ते लांब निंबाखाली पत्ते कुटत बसतात आणि काहीच ऐकू येत नसल्यासारखं करतात.

कुसुमनं हात धुतले. चष्मा वर सरकवला. “मला येता येईल?”

“आखाजीला तुमच्याकडे पारणं असतं ना?”

“आईचं वर्षीतप आहे. तिचं उसाच्या रसाचं पारणं सकाळी होतं. मी त्यानंतर निघते.”

हस्तीमलशेठनी विचारलं, कुठे? ती म्हणाली, शिव्या ऐकायला. वर्षभराच्या उपासाचं पारणं करणाऱ्या तिच्या आईला, धनकुंवरबाईंना, ठसका लागला. शेठजी म्हणाले, “सुमनबाईंच्या माहेरी जायची काय गरज? त्या तर इथंच असतात.” आता बोला! माणूस कमी बोलायचा, पण माप चोख.

तर एकोणसत्तरची आखाजी. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही वाघूरवर गेलो. वाळू अजून तापलेली. पात्रात डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या, पलीकडे उंच मातीची दरड. आमच्या पोरी नव्या लुगड्यांत, डोक्यावर गौराईच्या टोपल्या घेऊन पाण्याशी उभ्या. कुसुम माझ्या शेजारी, हातात वही, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर उन्हासाठी ओढलेला पांढरा पदर.

पलीकडची पुढारीण म्हणजे बेबाबाई. साठीची, काळी कुळकुळीत, कमरेला हात लावून उभी राहिली की नदीला तिसरा काठ फुटल्यासारखं वाटे. तिनं आवाज दिला की डोहातल्या म्हशी उठून उभ्या राहत. तिनं माझ्या भावजयीपासून सुरुवात केली, मग मला घेतलं. माझ्या नाकाबद्दल, माझ्या भरताबद्दल आणि माझ्या नवऱ्याच्या केळीबद्दल ती जे बोलली ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. मीही तिला असं काही ऐकवलं की आमच्या काठावर टाळ्या पडल्या. पण ह्या खेळाला एक कायदा आहे. ज्या बाईकडे बोट दाखवलं तिनंच उत्तर द्यायचं. दुसरीनं तोंड घालायचं नाही. आणि उत्तर आल्याशिवाय गौराई पाण्यात उतरत नाही.

बेबाबाईचं बोट फिरत फिरत कुसुमवर येऊन थांबलं.

“हाई कोन शे वं? चष्मावाली?” तिनं आपल्या बायांना विचारलं आणि मग स्वतःच ठरवून टाकलं. “ओळखं मी! तुमन्या बठ्ठ्या बाया हारी गयात, म्हनीसन शहरमधून शिकेल बाई भाड्यानं आनी का? वही बी लई उनी! वहीमा शिव्या लिखी आनेल शेतस?”

त्यांच्या काठावर हशा फुटला. शेजारच्या गावानं कुस्तीसाठी बाहेरचा पैलवान आणावा, तशी आम्ही शिव्यांसाठी बाई आणली, असा त्यांचा पक्का समज झाला. झालं! आता सगळ्या तिच्यावरच तुटून पडल्या. तिचा चष्मा, तिची उंची, तिचं न झालेलं लग्न, काही सोडलं नाही.

मी पुढे झाले. “ती पाहुणी आहे, तिला...”

“तू गप!” बेबाबाई गरजली. “जिले विचारं तिले बोलू दे!”

आमच्याच बाया माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सुमन, कायदा म्हणजे कायदा.” गौराई घेतलेल्या पोरी तापल्या वाळूत एक पाय वर, एक पाय खाली करत होत्या. त्यातली एक रडवेली होऊन म्हणाली, “मावशी, बोला ना काही तरी. आमचे पाय भाजताहेत.”

मी कुसुमकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही मुलगी मटकन खाली बसणार. पण ती त्या वाळूकडे, पाण्याकडे, समोरच्या दरडीकडे बघत होती, पाहिलेली जागा ओळखू यावी तशी. हळूच म्हणाली, “अक्का, इथंही दुसऱ्या कुणी बोलायचं नाही.”

“नाही ना! तेच तर सांगते, पळ!”

तिनं वही माझ्या हातात दिली आणि पाण्याच्या कडेला गेली. तोंड उघडलं. कुजबुजली.

“काय म्हनस?” पलीकडून ओरडा. “जोरमा बोल! मुकी शे का?”

ती थांबली. पायातल्या चपला काढल्या. ओल्या वाळूत पाय रोवले. मान वर केली, आणि बोलली.

आता मी तुम्हांला काय सांगू? मी आयुष्यभर लोकांची नक्कल करून पोट दुखेपर्यंत हसवलंय, पण त्या आवाजाची नक्कल मला आजवर जमली नाही. तो कुसुमचा आवाज नव्हताच. आणि दुसऱ्या कुणाचाही नव्हता. एक वाक्य सुरू झालं आणि ते खाली उतरेचना. डोक्यावर तीन घागरी घेऊन बाई नदीची चढण चढते, पाय घसरतो, सावरते, आणखी वर जाते, आणि बघणाऱ्याचा श्वास तिच्या घागरीत अडकतो, तसं. वर, वर, मग एक शब्द तिनं समोरच्या दरडीवर फेकला आणि गप्प राहिली. दरडीवरून तो शब्द परत आला. तो पोहोचला तेव्हा तिनं तोच शब्द पुन्हा उचलला आणि त्याच्यावर पाय देऊन आणखी वर चढली. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण हे कळत होतं, की पलीकडे कुणी तरी आहे, त्यानं काही तरी केलंय आणि आता त्याला लपायला जागा राहिलेली नाही.

मागे वळून पाहिलं तर निंबाखालच्या बाप्यांच्या हातातले पत्ते हातातच. डांगराच्या वाडीतला म्हातारा चुडामण खुरपं घेऊन उभा राहिला होता आणि त्यानं डोक्याची टोपी काढली होती, देवळात काढतात तशी. बाया एकमेकींचे दंड धरून उभ्या. मला वाटलं, डोंगराच्या पायऱ्यांवर त्या काळी अशीच बसत असतील हजारो माणसं. माझ्या पायाखाली वाघूरची वाळू होती आणि मी शपथेवर सांगते, त्या क्षणी मला ती कुठल्या देशाची वाळू आहे ते कळत नव्हतं.

वाक्य उतरलं. शेवटचा शब्द तिनं अगदी सावकाश, पाण्यावर दिवा सोडावा तसा सोडला.

बेबाबाई हात कमरेवरून काढून उभी. मग तिनं लुगड्याचा पदर घेतला आणि आपल्या तोंडावर धरला. ह्या खेळात हार कबूल करायची हीच खूण. माझ्या उभ्या जन्मात मी बेबाबाईला तोंडावर पदर धरताना पाहिलं नव्हतं.

मग जो कल्ला झाला! पोरी पाण्यात धावल्या, गौराई गेली, दोन्ही काठांवरून गाणी सुरू झाली. आणि आमची विजयी पैलवान वाळूत फतकल मारून बसली होती.

“अक्का,” ती माझा हात धरून म्हणाली, “तो शब्द तिथं दोनदा येतो. का येतो, याची मी चाळीस पानं कारणं दिली आहेत. मोठमोठ्या पंडितांचे दाखले दिले आहेत. सगळे म्हणतात, अलंकार. अक्का, तो अलंकार नाही! आवाज जाऊन परत यायला तेवढा वेळ लागतो. मी ते वाक्य कायम चुकीच्या जागी तोडत आले.”

“ते असू दे. तू तिला काय म्हणालीस ते सांग.”

तिचा चेहरा उतरला. “अथेन्सच्या कोर्टातलं भाषण होतं. एकानं दुसऱ्याच्या आईचा उद्धार केलेला.”

“काय सांगतेस! नक्की काय?”

“नाही सांगणार. अक्का, माझं व्रत...”

“अगं, तिला कुठं कळलं?”

“मला कळत होतं ना,” ती म्हणाली.

तो सगळा पावसाळा ती प्रबंध नव्यानं लिहीत होती. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा आख्खी गल्ली रेडिओला चिकटलेली आणि ही गच्चीवर भिंतीकडे तोंड करून एक वाक्य म्हणतेय, थांबतेय, कान देतेय, खाली वाकून लिहितेय. आता कबुतरं उडत होती. एकदा तर खालून जाणारा दूधवाला भाईदास सायकलवरून उतरला आणि मला खुणेनं विचारू लागला, भांडण कुणाचं? पण शिव्यांचं ते प्रकरण काही पुढे सरकेना. विचारलं की म्हणे, “माझा हिशेब पुरा व्हायचाय.”

भाद्रपदात जैनांची संवत्सरी येते. वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखवलं असेल, त्याच्यासमोर हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणायचं, माझं वाईट वागणं वाया जावो. दरवर्षी ती भिंतीशी येऊन मला म्हणायची आणि मी म्हणायची, तू कधी काही केलंस तर ना! त्या वर्षी म्हणाली, “अक्का, मला बेबाबाईंच्या घरी न्या.”

पहूरपर्यंत एस.टी., पुढे चिखल तुडवत. वाघूर दोन्ही काठ धरून लाल वाहत होती. फरशीपुलावरून जीव मुठीत धरून पलीकडे गेलो. बेबाबाई ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. आम्हांला पाहून म्हणाली, “उनात का? आखाजी तं लांब शे अजून!”

कुसुमनं तिच्यासमोर हात जोडले. मी अर्थ सांगितला. बेबाबाईनं शेंग बाजूला ठेवली आणि सरळ होऊन बसली. “माफी मांगस, मंग सांग तं खरं, काय म्हनेल होती तू माले? न समजता कशी माफ करू?”

कुसुमचे कान लाल झाले. जुन्या कुजबुजीत म्हणाली, “मी म्हटलं... तुझी आई पोटासाठी परक्यांच्या पूजेत नाचायची, आणि तू तिच्या मागे टोपली धरून हिंडायचास.”

बेबाबाई तिच्याकडे बघत राहिली. मी उठून पळायची तयारी केली.

“बस इतलंच?” बेबाबाई म्हणाली.

“हो.”

“अवं, नाचे नही, पन टोपली मीच धरू ना! मनी माय भाजी विके, पहूरना बजारमा. टोपली मना डोकावर.” आणि ती हसली, अशी की ओसरीवरच्या कोंबड्या फडफडल्या. “ही काय शिवी शे? हाई तं मनी गोष्ट शे! माले वाटनं, काय मोठं बोलनी हाई बाई!” मग डोळे पुसत थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, “पन त्या दिवशी तू बोलनी ना, तधय माले मायच याद उनी. का उनी, कोन जाने.”

कुसुम बेबाबाईच्या पुढ्यात बसली आणि शेंगा सोलू लागली. आम्ही निघालो तेव्हा बेबाबाईनं पदरात मूग बांधून दिले आणि बजावलं, पुढच्या आखाजीला जरा बऱ्या शिव्या घेऊन ये.

ते प्रकरण कुसुमनं परतल्यावर लिहून काढलं. त्यात वाघूर आहे, बेबाबाई आहे, आणि तळटिपेत, हात लावून बघा हवं तर, मी आहे.

एकाहत्तरच्या जानेवारीत तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं. पुण्याला तिच्यासोबत मीच गेले, कारण धनकुंवरबाईंना तिला एकटीला पाठवायचं नव्हतं आणि मला घरी बसवणं कुणालाच शक्य नव्हतं. परीक्षकांत तेच मुंबईचे प्राध्यापक होते, काठी टेकत आलेले, चेहरा वाळल्या खारकेसारखा. मी बाहेर दाराशी डबा घेऊन बसले. दार जुनं होतं, फट चांगली होती.

“प्रकरणं वाचली,” ते म्हणाले. “कागदावर आवाज आहे असं आपण लिहिलंत. तो खरंच आहे, हे मी कसं मानू?”

मी डबा खाली ठेवला आणि कान फटीला लावला.

“इथं नाही सांगता येणार, सर,” कुसुम म्हणाली. “बाहेर चला. आणि आपण लांब उभे राहा.”

खुर्च्या सरकल्या. मी जेमतेम दारातून बाजूला झाले. तिघं परीक्षक मैदानात आले. दोघं सावलीत थांबले, पण म्हातारा काठी टेकत टेकत चालत राहिला, पार पलीकडच्या दगडी भिंतीपर्यंत. तिथून तो अंगठ्याएवढा दिसत होता. कुसुमनं चपला काढल्या. मी डोळे मिटले. मला वाळू लागली पायाला.

वाक्य चढू लागलं. शब्द गेला, भिंतीवरून परत आला, तिनं उचलला. जाणारी-येणारी पोरं जिथं होती तिथं थांबली. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. माळ्यानं पाण्याची झारी खाली ठेवली. शेवटचा शब्द तिनं सोडला आणि मी डोळे उघडून भिंतीशी पाहिलं. म्हाताऱ्यानं खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला होता.

धूळ लागली असेल, असं कुसुम म्हणते. तिला म्हणू दे. मी वाघूरकाठची आहे. ती खूण मला कळते.

जळगावला उतरलो ते थेट दुकानावर गेलो. भर दुपारची, लग्नसराईची गर्दी. हस्तीमलशेठ गादीवर, समोर भडगावकडची मंडळी बस्ता बांधायला बसलेली, शालूंचा ढीग पडलेला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं, त्यांनी हातानं थांबवलं. ज्याचं त्यानं सांगायचं, हा कायदा त्यांना कुणी शिकवला कुणास ठाऊक.

“झालं, बापूजी,” कुसुम म्हणाली. “मान्य झाला.”

शेठजींनी हातातला गज गादीवर आडवा ठेवला. समोरच्या शालूच्या घड्या त्यांना बराच वेळ सापडेनात. मग विचारलं, “गिऱ्हाईक होतं?”

“एक होतं. फार लांब उभं होतं.”

“पोहोचला माल?”

“पोहोचला.”

त्यांनी मान हलवली. टोपी नीट केली. आणि म्हणाले, “मला ऐकव.”

“इथं?” कुसुमनं आजूबाजूला पाहिलं. “बापूजी, बस्ता चाललाय. गिऱ्हाईक पळेल.”

“पळू दे,” हस्तीमलशेठ म्हणाले, आणि गादीवरून उठून, गर्दीतून वाट काढत, रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

तिनं चपला काढल्या.

एकही गिऱ्हाईक पळालं नाही.